फासा पडण्यापूर्वी



या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला फोन केला, तेव्हा त्यांची समजूत अशी होती की निवृत्त कर्नल म्हणजे नेतृत्व, शिस्त, नाहीतर सीमेवरचे अनुभव यावर बोलणार. मी म्हटलं, "मी राक्षस, चेटकिणी आणि वीस बाजूंचा फासा यावर बोलेन." पलीकडे जरा शांतता. मग त्यांनी विचारलं, "सर, म्हणजे लहान मुलांसाठी का?" म्हटलं, "नाही. माझ्या वयाच्या लोकांसाठी. ज्यांनी आयुष्यभर कुणाला ना कुणाला निर्णय सुनावले आहेत, त्यांच्यासाठी."

मी राहतो इंदूरला. नोकरी केली आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे फौजेला रेशन, पेट्रोल आणि गाड्या पुरवणाऱ्या खात्यात. सिनेमात आमच्यावर गाणी नसतात. पण सकाळचा चहा पोचला नाही की आमची आठवण सगळ्यांना येते.

दर रविवारी सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती पाच जण जमतात. माझी नात, तिचे कॉलेजातले दोन मित्र, बँकेत नोकरी करणारी एक मुलगी आणि शेजारचा चौदा वर्षांचा मुलगा. आधी पोहे-जलेबी होते, कारण इंदूरला त्याशिवाय काहीच सुरू होत नाही. मग आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यात सोंगट्यांचा पट लागेलच असं नाही. प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक माणसाची भूमिका घेतो. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी पुरोहित, कुणी जादूगार. एक जण डंजन मास्टर होतो, तो जग सांगतो. "तुमच्यासमोर जुना पूल आहे, खाली दरी आहे, पलीकडे दिवा हलतोय. काय करता?" खेळाडू काय करतात ते सांगतात. गोष्ट सरळ असेल तर मास्टर म्हणतो, झालं. शंका असेल तर फासा टाकायचा. फाशावर किती पडलं म्हणजे काय घडलं, हे ठरवायला जाडजूड पुस्तकं आहेत.

आमच्या टेबलावर तो मास्टर मी आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये नात हा खेळ मैत्रिणींबरोबर व्हिडिओ कॉलवर खेळायची. त्यांची मास्टर मधेच सोडून गेली. नात माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही फौजेत वॉर गेमला अंपायर होतात ना? मग हे तुम्हाला जमेल." मला वाटलं, हो, त्यात काय. पुढे कळलं की त्यात बरंच काही आहे.

पहिली अडचण आली ती एका कड्यावर. खेळातला योद्धा दोनशे फुटी कड्याच्या टोकाला उभा होता. मागून शत्रू येत होते. तो खेळवणारा मुलगा इंजिनिअरिंगचा. त्यानं हिशेब केला. आम्ही वापरतो त्या २०१४ च्या नियमांप्रमाणे दर दहा फूट पडल्यावर सहा बाजूंचा एक फासा इतकी इजा, आणि जास्तीत जास्त वीस फासे. वीस फाशांची सरासरी सत्तर. त्याच्या योद्ध्याचे हिट पॉइंट, म्हणजे जीव किती उरला त्याचा आकडा, होता ११२. तो म्हणाला, "मी उडी मारतो. सत्तर गेले तरी बेचाळीस उरतात. खाली जाऊन आठ तास झोपतो, सकाळी परत ११२."

आणि पुस्तकाप्रमाणे त्याचं म्हणणं बरोबर होतं. आठ तासांच्या विश्रांतीनंतर सगळे हिट पॉइंट परत मिळतात, असा नियमच आहे.

बँकेतली मुलगी म्हणाली, "अरे, दोनशे फूट म्हणजे वीस मजली इमारत. माणूस उरेल का?" शेजारचा मुलगा म्हणाला, "पण मस्त दिसेल ना!" आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

त्या क्षणी मला तीन दोऱ्या तीन दिशांनी ओढत होत्या. पहिली नियमाची: पुस्तकात असं लिहिलंय. दुसरी जगाची: या जगात दगड कठीण आहे की नाही? तिसरी मजेची: आपण रविवारी इथे कशाला जमलोय? ज्यानं कधी असं टेबल चालवलंय, त्याला या तीन दोऱ्या ओळखीच्या असतील.

त्या दिवशी मी पुस्तक पाळलं. त्यानं उडी मारली, ६७ इजा झाली, तो लंगडत उठला, टाळ्या पडल्या. का पाळलं ते पुढे सांगतो. आधी हे भांडण किती जुनं आहे ते बघू.

हा खेळ आमच्याच घरातून, म्हणजे फौजेतून आलाय. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातल्या राइसविट्झ नावाच्या एका तरुण अधिकाऱ्यानं 'क्रीगस्पील', म्हणजे युद्धाचा खेळ, याचे नियम छापले. कल्पना मूळ त्याच्या वडिलांची, मुलानं ती नकाशावर आणली. लाल आणि निळ्या बाजूचे ठोकळे. एक खेळी म्हणजे युद्धातली दोन मिनिटं. गोळीबारात किती माणसं पडली ते फासे आणि तक्ते ठरवणार. आणि मध्ये एक अंपायर. खेळाडूंनी हुकूम त्याला द्यायचे, आणि शत्रू कुठे आहे यातलं जेवढं दिसण्यासारखं असेल तेवढंच त्यानं त्यांना दाखवायचं. सेनाप्रमुख म्युफलिंग यांना तो खेळ इतका पटला की त्यांनी तो सैन्यात वापरायला सांगितला.

पण नियम वाढत गेले. एका चकमकीचा निकाल लावायला तक्तेच तक्ते चाळायचे. अधिकारी कंटाळले. मग १८७६ साली व्हेर्डी द्यू व्हेर्नोआ या प्रशियन अधिकाऱ्यानं उलटं टोक गाठलं. त्यानं म्हटलं, तक्ते नकोत, फासेही नकोत. अनुभवी अंपायर बसवा, तो सांगेल काय झालं. याला 'मुक्त' क्रीगस्पील म्हणतात. वेग आला, पण नवीन प्रश्न आला. अंपायरच चुकला तर? किंवा समोर बसलेला खेळाडू अंपायरचा साहेब असेल तर? माझ्या ओळखीच्या कुठल्याही फौजी माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

हा धागा पुढे अमेरिकेत गेला. तिथल्या टॉटन नावाच्या सैन्याधिकाऱ्यानं १८८० साली 'स्ट्रॅटेगॉस' हे युद्धखेळाचं पुस्तक लिहिलं. जवळपास नव्वद वर्षांनी ते मिनेसोटातल्या डेव्हिड वेसली या तरुणाच्या हाती लागलं. त्यातून त्यानं एक गोष्ट घेतली: खेळाडूला काहीही करू बघायची मुभा असावी, आणि ते जमलं की नाही हे पंचानं ठरवावं. १९६९ मध्ये त्यानं 'ब्राउनस्टाइन' नावाचा खेळ मांडला. त्यात खेळाडूंना पलटणींऐवजी गावातल्या एकेका माणसाची भूमिका दिली. कुणी नगराध्यक्ष, कुणी विद्यार्थी. त्या टेबलावर डेव्ह आर्नेसन होता. त्यानं पुढे त्यात तळघरं आणि राक्षस आणले, गॅरी गायगॅक्सबरोबर काम केलं, आणि १९७४ साली तीन छोट्या पुस्तिकांच्या पेटीत डंजन्स अँड ड्रॅगन्स आला.

आता गंमत ऐका. आमचा योद्धा ज्या हिट पॉइंटच्या जिवावर कड्यावरून उडी मारत होता, ते हिट पॉइंट आले कुठून? आर्नेसननं सांगितलंय की सुरुवातीला एका फटक्यात माणूस मरायचा, आणि खेळाडूंना आपलं पात्र असं पटकन गेलेलं आवडेना. म्हणून त्यानं अमेरिकन यादवी युद्धातल्या चिलखती जहाजांच्या खेळातली कल्पना उचलली. जहाज एका गोळ्यात बुडत नाही. ते मार खात खात बुडतं. ती गोष्ट माणसाला लावली.

म्हणजे मजेसाठी नियम आला, तो जहाजाच्या जगातून आला, आणि माणसाच्या जगात आल्यावर तो अधूनमधून विचित्र दिसणारच. नियमाचा जन्म कळला की त्याचा राग येत नाही, आणि त्याला देव मानण्याचीही गरज वाटत नाही.

नियमाला देव मानलं तर काय होतं, त्याचं या खेळाच्या मंडळींतलं एक लाडकं उदाहरण आहे. या खेळात लढाईची एक फेरी सहा सेकंदांची. त्या फेरीत प्रत्येकाला एक कृती करता येते, आणि "शेजाऱ्यानं भाला दिला की मी पुढच्याला देईन" असं आधी ठरवून ठेवता येतं. आता पाच-पाच फुटांवर दोन हजार शेतकरी उभे करा. भाला हातोहात पुढे गेला, तर सहा सेकंदांत दहा हजार फूट, म्हणजे तीन किलोमीटर. आवाजापेक्षाही जास्त वेग! म्हणे शेवटच्या शेतकऱ्यानं सोडला की किल्ला कोसळला पाहिजे. २०२४ च्या डंजन मास्टरच्या पुस्तकात तर या प्रकारच्या युक्तिवादाला स्पष्ट नकार दिलाय. नियम म्हणजे त्या जगाचं भौतिकशास्त्र नाही, असं तिथं सांगितलंय. मला ते पटतं. आमच्या कॉन्व्हॉयच्या तक्त्यात डोंगरी रस्त्यावर ताशी किती किलोमीटर ते लिहिलेलं असायचं. तो आकडा योजना करण्यासाठी. डोंगरानं तो वाचलेला नसतो.

मग जगाचं तर्कशास्त्र म्हणजे मजेवर पाणी ओतणारा काका आहे का? बऱ्याच लोकांना तसं वाटतं. "जादूच्या जगात कसलं आलंय लॉजिक?" असं मला विचारतात. माझा अनुभव उलटा आहे.

एकदा मी मुलांना एका किल्ल्याला वेढा घालायला लावला. आत तीनशे माणसं. माझा हा जिव्हाळ्याचा विषय. मी धान्य किती, विहिरी किती, सगळं लिहून ठेवलेलं. नातीनं पुस्तक उघडून माझ्यासमोर ठेवलं. पुरोहिताला एक मंत्र असतो, अन्न आणि पाणी निर्माण करण्याचा. एका वेळी पंधरा माणसांची दिवसभराची सोय. पाचव्या पातळीचा पुरोहित तो दिवसातून दोनदा म्हणू शकतो. म्हणजे एक पुरोहित तीस माणसं जगवतो. तीनशेंसाठी दहा पुरोहित पुरे. ती म्हणाली, "आजोबा, तुमचा वेढा दहा वर्षं चालेल." पुस्तकात लिहिलंय की ते अन्न बेचव पण पौष्टिक असतं. मी म्हटलं, ही आमच्या खात्याची नोकरी गेली, निदान पाककृती तरी तीच ठेवलीय.

शेजारचा मुलगा म्हणाला, "म्हणजे पन्हाळ्यावर असे दहा जण असते तर?" १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून पडला होता, आणि जुलैत भर पावसात महाराजांना गड सोडून निसटावं लागलं. टेबलावर पंधरा मिनिटं खेळ बाजूला राहिला. असे दहा पुरोहित असते तर जौहरनं काय केलं असतं? कुणी म्हणालं, त्यानं आधी पुरोहितच फोडले असते. कुणी म्हणालं, त्यांना झोपूच दिलं नसतं, कारण झोपेशिवाय मंत्र परत मिळत नाहीत. रात्रभर नगारे वाजवले असते! आणि मग माझी नात म्हणाली, "पण आजोबा, असा मंत्र असेल, तर या जगात कुणी उपाशी का आहे? मागच्या महिन्यात आपल्याला भिकारी भेटला होता."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही ते सगळ्यांनी मिळून शोधलं. ठरलं की एवढ्या पातळीचे पुरोहित अख्ख्या राज्यात अकराच आहेत, आणि त्यातले दहा राजानं किल्ल्यात कोंडून ठेवलेत. त्या एका उत्तरातून पुढचे आठ महिने खेळ चालला. मुलांनी वेढा सोडला आणि ते पुरोहित सोडवायला निघाली. नियमाला जगाचा प्रश्न विचारला, म्हणून ती गोष्ट मिळाली. मी एकट्यानं बसून ती रचू शकलो नसतो.

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता मी जिथे चुकलो तिथे येतो. त्यासाठी आधी दोन जुन्या गोष्टी.

मी कॅप्टन होतो तेव्हा एका वॉर गेममध्ये रसद पोचवण्याची बाजू माझ्याकडे होती. मोठा सँड मॉडेल, रंगीत भुकटीचे डोंगर, लोकरीचे रस्ते. मी म्हटलं, "पावसाळ्यात हा रस्ता खचतो, चाळीस गाड्या वेळेत जाणार नाहीत." अंपायर वरिष्ठ होते, घड्याळ जेवणाकडे चाललं होतं, आणि गाड्या अडल्या तर साहेबांचा हल्ला अडत होता. निकाल आला, "रस्ता खुला आहे असं धरा." हल्ला यशस्वी झाला. जेवण उत्तम होतं. दोन वर्षांनी तशाच एका रस्त्यावर, तशाच पावसात, मी खऱ्या गाड्या घेऊन दोन दिवस अडकलो. वरच्या चौकीवरच्या जवानांनी ते दोन दिवस शक्करपारे खाऊन काढले. आम्ही पोचल्यावर तिथला सुभेदार एवढंच म्हणाला, "साब, कागज़ पर तो सड़क खुली थी." तो हसून म्हणाला. मला अजून ते हसू विसरता आलेलं नाही.

दुसरी गोष्ट जगाला माहीत असलेली. १९४२ च्या मे महिन्यात जपानी नौदलानं 'यामातो' या युद्धनौकेवर मिडवेच्या मोहिमेचा वॉर गेम खेळला. त्यात पंच असलेले ओकुमिया यांनी पुढे फुचिदांबरोबर लिहिलेल्या पुस्तकात ही हकिकत आहे. जपानी विमानं मिडवे बेटावर हल्ला करायला गेलेली असताना बेटावरच्या अमेरिकन विमानांनी जपानी विमानवाहू नौकांवर हल्ला केला, असं खेळात घडलं. फाशांनी निकाल दिला: नऊ बॉम्ब लागले, 'आकागी' आणि 'कागा' दोन्ही बुडाल्या. तेव्हा प्रमुख असलेले अ‍ॅडमिरल उगाकी म्हणाले, नऊ नाही, तीन धरा. 'आकागी' वाचली. आणि 'कागा' बुडाली असूनही मोहिमेच्या पुढच्या भागात परत तरंगताना दिसली.

जूनमधल्या खऱ्या लढाईत मिडवेवर हल्ला करायला गेलेल्या चारही जपानी विमानवाहू नौका गेल्या.

हे सांगून लोक उगाकींना मूर्ख ठरवतात. मी तसं करणार नाही, कारण एका अर्थी त्यांचा अंदाज बरोबर होता. मिडवे बेटावरून आलेल्या विमानांचा एकही बॉम्ब त्या नौकांना खरोखर लागला नाही. त्या बुडवल्या अमेरिकेच्या विमानवाहू नौकांवरून आलेल्या डाइव्ह बॉम्बरनी. नऊचा आकडा फुगलेला आहे, असं उगाकींना वाटलं असेल तर जगाच्या तर्काला धरूनच वाटलं असेल. पण त्या फाशानं एक प्रश्न विचारला होता: आपली विमानं दुसरीकडे गुंतलेली असताना आपल्यावर हल्ला झाला तर काय? आकडा खोडताना तो प्रश्नही खोडला गेला. तक्ता चुकीचा वाटत होता, तर फासा टाकण्याआधी तक्ता बदलायचा होता. फासा पडल्यावर आकडा बदलला की पाहणारे एवढंच शिकतात की आपल्याला हवं तेच घडतं.

हे मी कितीतरी तरुण अधिकाऱ्यांना शिकवलंय. आणि तरीही माझ्या जेवणाच्या टेबलावर मी तेच केलं.

माझी नात एक चोर खेळवायची. तिनं तिचं नाव ठेवलं होतं भिंगरी. दीड वर्ष खेळवली. भिंगरीनं आमचं टेबल कितीदा वाचवलं त्याची गणती नाही. एका रविवारी ती एका राक्षसासमोर एकटी सापडली. तिचे हिट पॉइंट थोडे उरलेले, पुरोहिताचे मंत्र संपलेले. मास्टरसमोर पुठ्ठ्याचा एक आडोसा असतो, त्यामागे मी फासा टाकला. वीस पडले. म्हणजे थेट वर्मी घाव, इजा दुप्पट फाशांची. मी फाशाकडे बघितलं आणि म्हटलं, "नेम चुकला." सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. भिंगरी पळाली.

त्याच वर्षी माझी पत्नी गेली होती. दवाखान्यात तीन आठवडे होती. मला वाटतं, त्या टेबलावर अजून कुणी जावं हे मला सोसलं नसतं. हे तेव्हा कळलं नाही. तेव्हा मी स्वतःला सांगितलं, "मजा महत्त्वाची."

पुढचे तीन रविवार नात खेळली, पण जशी परीक्षेला बसावी तशी. चौथ्या रविवारी बाकीचे गेल्यावर भांडी उचलता उचलता ती म्हणाली, "आजोबा, त्या दिवशी वीस पडले होते ना? मी पाणी घ्यायला उठले होते. मला दिसलं."

मी म्हटलं, "तुला वाईट वाटलं असतं."

ती म्हणाली, "मग याआधी मी जे जिंकले, ते तरी खरं होतं का?"

मी काही बोललो नाही. मग ती सिंककडे तोंड करून म्हणाली, "आजीच्या वेळीही तुम्ही मला सांगत होतात, बरी होऊन घरी येईल. तुम्हाला माहीत होतं. मला माहीत असतं तर मी ती सहल सोडून आले असते."

मंडळी, मी बत्तीस वर्षं नोकरी केली. चौकशा झाल्या, साहेबांची बोलणी खाल्ली. पण इतका निरुत्तर कधी झालो नव्हतो. मी तिला म्हटलं, "तुझं बरोबर आहे. दोन्ही वेळा मी चुकलो." आणखी काही म्हणण्यासारखं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी पाचही जणांसमोर सांगितलं की मी फासा लपवला होता. इंजिनिअर म्हणाला, "सर, सगळे मास्टर करतात." बँकेतली म्हणाली, "माझ्या वेळी कधी केलंत का?" बघा, शंका कशी पसरते ते. मी विचारलं, आता काय करायचं? नात म्हणाली, "तो घाव लागला असं धरू. तिथून पुढे सगळ्यांसमोर."

पुस्तकाप्रमाणे हिट पॉइंट संपले की पात्र लगेच मरत नाही. ते बेशुद्ध पडतं आणि वीस बाजूंचा फासा टाकत राहतं. दहा किंवा जास्त पडले तर ते यश, कमी पडले तर अपयश. आधी तीन यशं झाली तर जीव तगतो, आधी तीन अपयशं झाली तर संपलं. मी आडोसा काढून ठेवला. नातीनं फासा टेबलाच्या मधोमध टाकला. चौदा. मग सात. मग बारा. दोन यशं, एक अपयश. कुणी श्वास घेत नव्हतं. मग चार. आणि शेवटी नऊ.

एकानं कमी. मला तो एक आकडा द्यायचा मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही. पण आता फासा टेबलावर होता.

त्यानंतर अर्धा तास कुणी मोबाइलला हात लावला नाही. एकेकानं भिंगरीची एकेक आठवण सांगितली. शेजारच्या मुलानं तिच्या मोबदल्यात खेळात एक दिवा लावला. नात रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "पोहे उरलेत का?" पुढच्या आठवड्यात ती नवीन पात्र घेऊन आली, भिंगरीची धाकटी बहीण. राक्षसाचा पत्ता विचारतच आली.

आता माझं टेबल कसं चालतं, ते सांगून थांबतो. तुम्ही हा खेळ खेळत असाल तर उपयोगी पडेल. नसाल, तर तुमच्या घरात किंवा कचेरीत काही जुळतंय का ते बघा.

पहिलं, जगाला विचारतो: हे होऊ शकतं का? नक्की होणार असेल किंवा नक्की होणार नसेल, तर फासा टाकतच नाही. उघड्या दाराला किल्ली लागत नाही. जो निकाल मला स्वीकारता येणार नाही, त्यासाठी फासा हातात घेत नाही.

दुसरं, शंका असेल तर नियम. आणि नियम त्या जागी विचित्र वाटत असेल, तर तो फासा टाकण्याआधी, सगळ्यांसमोर, कारण सांगून बदलतो. मात्र खेळाडूनं नियमावर विसंबून पाऊल उचललं असेल, तर त्या दिवशी जुनाच नियम. म्हणून त्या योद्ध्याला मी उडी मारू दिली. खेळ संपल्यावर आम्ही ठरवलं की यापुढे शंभर फुटांवरून कुणी पडला तर इजेशिवाय हाड मोडलं का तेही बघायचं, आणि मोडलेलं हाड एका झोपेत जुळणार नाही. ठराव मांडला त्याच इंजिनिअरनं. गंमत म्हणजे पुढच्याच महिन्यात त्याचाच पाय मोडला. त्यानं एका शब्दानं तक्रार केली नाही.

तिसरं, मजा कशात आहे ते मी ठरवत नाही, विचारतो. नवीन मोहीम सुरू करताना पहिल्या बैठकीत एकच विषय: इथे माणसं मरू शकतात का? कुठल्या गोष्टी कुणाला टेबलावर नकोत? एखाद्या टेबलानं ठरवलं की आमच्याकडे कुणी मरणार नाही, तर तोही चांगलाच खेळ आहे. ठरवून केलेली सवलत वेगळी आणि लपवून केलेली वेगळी. पहिलीत खेळाडू सामील असतो, दुसरीत त्याला लहान धरलेलं असतं.

आणि चौथं, चुकलो तर सांगतो. आडोसा मी कपाटात ठेवून दिलाय. त्यावर ड्रॅगनचं सुंदर चित्र आहे, म्हणून टाकवत नाही.

मागच्या महिन्यात माझ्या छातीत जरा दुखलं. तपासण्या झाल्या. रिपोर्ट आला त्या संध्याकाळी नात समोर येऊन बसली. काही विचारलं नाही, नुसती बघत राहिली. मी पाकीट उघडलं, आत काय लिहिलंय ते मी आधी वाचलं नाही. कागद आमच्या दोघांच्या मध्ये टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "ये, बरोबर वाचू."

ठीक आहे सगळं. गोळ्या आहेत, जलेबी बंद आहे. रविवार चालू आहे.